तोयोनं बांधलेलं आमिष

माझ्या बहिणीसारखं आमिष बांधणारं माणूस आमच्या कुमेजिमा बेटावर दुसरं नाही. माझा तिच्यावर राग आहे आणि तो काही आता जायचा नाही, पण म्हणून तिच्या हाताला नावं ठेवणार नाही. उगाच खोटं कशाला बोलायचं?

तोयो माझ्याहून लहान. आमचा बाप समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. होडी सापडली, बाप नाही. तेव्हा ही एवढीशी होती, आणि तेव्हापासून तिनं पाण्याचा धसकाच घेतला. मासेमाराच्या घरची पोर, पण होडीत पाय ठेवायची नाही. नाहाला, मोठ्या बेटावरच्या शहरात, मावशीकडे जायचं म्हटलं तरी बोटीत डोळे मिटून, माझं मनगट धरून बसायची. आई म्हणायची, "हिला उसाच्या शेतात द्यायची. हिचा जीव समुद्रावरच्या माणसात रमायचा नाही." पण मी कसला शहाणा! सेइजुन माझा जिवलग दोस्त. आम्ही दोघं एकाच होडीवर शिकलो, एकाच म्हाताऱ्याच्या शिव्या खाल्ल्या. मीच त्याला घरी घेऊन आलो. "पितो कमी, हसतो जास्त, आणखी काय पाहिजे?" अशी जाहिरात मीच केली. लग्नात आवामोरी दारू पिऊन सगळ्यात जास्त नाचला तोही मीच.

लग्न झाल्यावर ती रोज धक्क्यावर यायची, पण पाण्याकडे पाठ करून उभी राहायची. सेइजुन तिची थट्टा करायचा. "नवऱ्याला निरोप द्यायला आलीस की डोंगराला?" ती म्हणायची, "डोंगर संध्याकाळी जागेवर असतो."

मोठं माकुल धरायचं काम आमच्याकडे उशिरा आलं. आम्ही तेव्हा चाळिशी गाठली होती. त्याआधी माकुल म्हणजे किनाऱ्यालगतचं, तव्यात मावणारं. हे जनावरच वेगळं. लालभडक, शाळकरी पोराएवढं उंच, आणि दिवसभर अर्धा किलोमीटर खोल काळोखात राहणारं. जोडीनं राहतं. एक वर येऊ लागलं की दुसरं त्याच्या मागोमाग येतं, मग त्यालाही आकडा घालायचा. सकाळी खोल पाण्यात जाऊन एकामागून एक झेंडे सोडायचे. झेंड्याखाली बोया, बोयाखाली लांबच लांब दोर, दोराला एक छोटा दिवा, आणि सगळ्यात खाली काठी. काठीच्या बुडाला छत्रीच्या काड्यांसारखे गळ, आणि काठीवर बांधलेला बांगडा. झेंडे प्रवाहाबरोबर वाहत जातात, आपण मागे मागे राहायचं. झेंड्यानं मान टाकली की समजायचं, खाली पाहुणा आला.

सगळी मेख त्या बांगड्यात. काटा काढून तो पोटाकडून उघडायचा, काठीला पांघरूण घालावं तसा चढवायचा आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत दोऱ्याचे वेढे द्यायचे. घट्ट झाला तर मांस फाटतं, सैल झाला तर निसटतो. हे काम बायकांचं. घरामागच्या पडवीत आदल्या दिवशी बसून त्या बांधतात आणि पेट्या बर्फात ठेवतात. तोयोचा दोरा लाल. समुद्राचा धसका घेतलेली ही बाई, पण तिनं बांधलेला बांगडा अर्धा किलोमीटर खाली जाऊन, दिवसभर लोंबून वर आला तरी केसभर हलायचा नाही. माझी बायको हात्सू तिच्याकडेच शिकली. सेइजुनला लोक म्हणायचे, "माकुल तू धरत नाहीस रे, तुझी बायको धरते. तू नुसता हमाल." तो हसायचा. खरंच होतं ते.

आमच्याकडे बायकोनं बांधलेली पेटी नवरा जागेवर पोचेपर्यंत उघडत नाही आणि गाठ तर कधीच तपासत नाही. बायकोची गाठ चाचपणं म्हणजे तिच्या तोंडावर तिला खोटी म्हणणं. पेटी उघडायची, काठी दोराला लावायची, सोडायची. बघायचं सुद्धा नाही. दुसरा नियम झेंड्यांचा. परक्या झेंड्याला हात लावायचा नाही. तो आडवा झालेला दिसो, तुमच्या दोरात गुंतलेला असो, मालकाला वायरलेसवर बोलवायचं आणि हात बांधून बसायचं. समुद्रावर ना भिंत ना कुलूप. सकाळी सोडलेले झेंडे दुपारी कुठे वाहत गेलेले असतात, कोण कोणाचे राखणार? म्हणून झेंड्याला हात लावणारा आमच्याकडे खुन्यापेक्षा वाईट.

आणि एका हंगामात मला तोच ठरवला.

झालं असं, की सेइजुनच्या काठ्या रिकाम्या वर यायला लागल्या. माकुल लागलं नाही तर बांगडा जसाच्या तसा परत येतो. माकुल चावून सुटलं तर दोऱ्याखाली डोकं राहतं, कातडं राहतं. शार्कनं नेलं तर दोरासकट सगळंच जातं. पण सेइजुनची काठी धुतल्यासारखी स्वच्छ. ना मासा, ना दोरा, ना एक खवला. अशी काठी बघितली की आमच्यातला कोणीही एकच गोष्ट म्हणेल. हे माणसाच्या हाताचं काम आहे. कोणीतरी दोर वर ओढला, माकुल सोडवून घेतलं, उरलंसुरलं खरवडून टाकलं आणि काठी परत सोडली. मी सुद्धा तेच म्हणालो असतो. सगळ्याच काठ्या तशा यायच्या नाहीत. काही भरून यायच्या, मग पुढच्या दोन-तीन स्वच्छ. त्यानं तर संशय आणखी बळावला. चोर सगळं नेत नाही ना.

सेइजुनच्या झेंड्यांशेजारी कोणाचे झेंडे? माझे. अनेक वर्षं आम्ही लागूनच सोडायचो. त्या हंगामात माझी होडी भरून यायची, त्याची नाही.

एक दिवस धक्क्यावर माझी माकुलं वजनकाट्यावर चढत होती. सेइजुन आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "मोरितोकु, ह्यातली माझी कोणती, तेवढं दाखव."

मला वाटलं, थट्टा करतोय. मी म्हटलं, "ती टकली बघ, तुझ्यासारखी दिसते ती."

कोणी हसलं नाही. तो म्हणाला, "तुला मागून नेता आलं असतं. मी दिलं असतं रे. चोरायचं कशाला?"

मी त्याच्या अंगावर धावून गेलो, लोकांनी धरलं. माझ्या तोंडून काय काय गेलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तोयो तिथेच होती, नळी घेऊन टोपल्या धूत होती. मी तिला हाक मारली. "तोयो, हा काय बोलतोय ऐकलंस? सांग ह्याला कोण आहे मी." तिनं मान वर केली नाही. टोपली स्वच्छ झाली होती तरी धूतच राहिली. मला वाटलं, बिचारी. एकीकडे नवरा, एकीकडे भाऊ, काय बोलणार? तेव्हा मला तिची दया आली होती. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर माझ्या आसपास कोणी झेंडे सोडेना. वायरलेसवर सगळ्यांच्या गप्पा चाललेल्या असायच्या, मी "काय, कसं आहे आज?" म्हटलं की सगळ्यांची यंत्रं मुकी. हात्सू भाजी घ्यायला गेली की बायका तिला जागा करून द्यायच्या, इतकी जागा की तिच्या आजूबाजूला कोणी उरायचं नाही. झेनको काका, माझ्या बापाचा धाकटा भाऊ, रोज सकाळी माझ्या ओट्यावर मोगऱ्याचा चहा आणि गुळाचा खडा घ्यायला यायचे. ते यायचे बंद झाले. बाहेरच्यांचं सोडा. पण बापामागे ज्यानं आम्हाला वाढवलं त्यानं माझ्या घरचा चहा सोडला, हे मला फार लागलं. एकदा मी त्यांच्या दारात गेलो. ते म्हणाले, "तू केलं असशील असं मला वाटत नाही. पण केलं नाहीस असं तरी कोण सांगतंय?" बस, एवढंच मला हवं होतं. कोणीतरी सांगणारं.

आमच्याकडे बहीण भावाची राखण करते. समुद्रावर जाणाऱ्या भावाला ती आपल्या हातानं विणलेला पंचा देते, आणि भाऊ तो होडीत जपून ठेवतो. तोयोचा पंचा माझ्या होडीत सुकाणूच्या चाकावर टांगलेला असायचा. त्या दिवसांत मी एकटा समुद्रावर असलो की त्याच्याकडे बघून म्हणायचो, बाई, निदान तुला तरी माहीत आहे ना, मी असला नाही. तिला माहीत होतं. तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

मग तो दिवस उजाडला. प्रवाह उलटसुलट वाहत होते. सेइजुन माझ्यापासून लांब राहायचा, पण पाणी कोणाचं ऐकतं? त्यानं नुकताच सोडलेला एक झेंडा गिरक्या घेत आला आणि माझ्या दोरात अडकला. मी वायरलेस उचलला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोललो. "सेइजुन, तुझा झेंडा माझ्या दोरात आलाय. ये आणि स्वतःच्या हातानं काढ. मी बोटसुद्धा लावणार नाही."

तो आला. होडीला होडी लावली. माझ्याकडे न बघता माझ्या होडीवर चढला आणि दोर ओढायला लागला. काठी वर आली. स्वच्छ.

आम्ही दोघं बघत राहिलो. हा झेंडा सोडून त्याचा सकाळचा चहासुद्धा झाला नव्हता. सोडल्यापासून तो त्याच्या नजरेसमोर होता, मग माझ्या. मधे देवसुद्धा आला नव्हता. फक्त ह्या वेळी एका गळाला लाल दोरा अडकून राहिला होता. अख्खा. कापलेला नाही, चावलेला नाही. शेपटीकडच्या टोकाला गाठच नव्हती. टोक नुसतं वेढ्याखाली सरकवलेलं, वरून बघणाऱ्याला गाठ वाटावी असं. खाली जाताना पाणी शेपटीकडून शिरलं आणि वेढे सुटत गेले.

सेइजुन आपल्या होडीवर गेला, पेटी घेऊन आला. एक काठी काढून पाण्यात बुडवली आणि हिसडली. बांगडा तरंगत निघून गेला. दुसरी बुडवली, ती पक्की. तिसरी, गेला. मग तो पेटीवरच बसला.

"मोरितोकु," तो म्हणाला, "शेपटीला गाठ नाही."

"मला डोळे आहेत," मी म्हटलं.

"विसरली असेल."

"तोयो? एकाआड एक विसरते? तू कोणाला समजावतोयस?"

तो रडायला लागला. मला त्याची दया आली नाही. इतके दिवस माझं तोंड काळं करून फिरत होता, रडू दे की.

दुपारी दोघं तसेच त्याच्या घरी गेलो. तोयो पडवीत बांगडे उघडत बसली होती. सेइजुननं तो लाल दोरा तिच्या पुढ्यातल्या फळीवर ठेवला. तिनं सुरी खाली ठेवली, हात एप्रनला पुसले आणि शांतपणे बसून राहिली. कोणीतरी येणार हे माहीत असल्यासारखी.

"का?" तो म्हणाला.

"का केलं ते तुम्हाला माहीत आहे." ती माझ्याकडे वळली. "दादा, गेल्या हंगामात हे होडीत बेशुद्ध पडले. शुद्धीवर आले तेव्हा होडी खडकांपाशी गेली होती. मला सांगितलं आणि बाबांची शपथ घातली, कोणाला बोलायचं नाही. डॉक्टरकडे जात नाहीत, समुद्र सोडत नाहीत. मी पाया पडले. म्हणाले, माकुल मिळतंय तोवर जाणार. मग म्हटलं, मिळूच नये."

"तोंड बंद ठेवायची शपथ होती तुला," सेइजुन म्हणाला.

"तोंडाचीच होती. हातांची नव्हती."

मला तिचं सगळं कळलं. बाप गेला तेव्हा ती कशी होती ते मी बघितलंय. तिच्या जागी कोणीही असता तरी काहीतरी केलंच असतं. पण मी विचारलं, "आणि मी? हा मला चोर म्हणाला तेव्हा तू टोपली धूत होतीस."

ती मग म्हणाली, "दादा, तू ह्यातून मेला नसतास. हे मेले असते."

असा हिशेब केला बहिणीनं माझा. दोन माणसं समोर ठेवली, आणि ज्याच्या अंगात सोसायची ताकद जास्त, त्याचा गळा केसानं कापला. मी होडीवर परत गेलो, पंचा काढला, घडी घातली आणि तिच्या ओट्यावर नेऊन ठेवला.

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. हात्सूनं तिला आत घेतलं, मी तोंड फिरवून बसलो. ती म्हणाली, "धक्क्यावर काही सांगायला नको, दादा. नवऱ्याचं आमिष बिघडवणारी म्हटल्यावर ह्या बेटावर मला कोणी दारात उभं करणार नाही, ह्यांचंही हसं होईल. पण वसंतात सगळे आपल्या कुळाच्या थडग्यावर जमतील. तेव्हा बाबांसमोर, काकांसमोर, पोरांसमोर मी खरं काय ते सांगेन. आपल्या माणसांना कळलं म्हणजे झालं ना?"

मी विचार केला. बाहेरच्यांनी काय म्हणायचं ते म्हणू दे. काका परत चहाला आले आणि माझ्या नातवंडांना कळलं की आजोबा चोर नाही, तर मला पुरे. मी म्हटलं, "सांगशील?"

"सांगेन."

सेइजुननं समुद्र सोडला. होडी पुतण्याला दिली आणि घरामागे कारली लावली. म्हणजे तोयोला हवं ते मिळालं. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत त्यानं माझ्याबद्दलही दोन शब्द सांगितले. उभा राहिला, खाकरला आणि म्हणाला, "मोरितोकुबद्दल माझ्या मनात आता काही नाही. झालं गेलं संपलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती मोठ्या मनाचा माणूस, म्हणाले, घरच्या चोराला माफ केलं. मी तिथे बसलो होतो. एकानं माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं, "नशीबवान आहेस, असा मेहुणा मिळाला." मी दात ओठ खाऊन गप्प राहिलो, कारण वसंत आता लांब नव्हता.

वसंतात आम्ही सगळे आपापल्या कुळाच्या थडग्यांवर जमतो. थडग्यासमोरच्या अंगणात चटया पसरतो, मेलेल्यांना जेवू घालतो आणि त्यांच्यासमोर बसून आपणही जेवतो. बापाचं शरीर मिळालं नाही, पण त्याचं नाव तिथे आहे. त्या दिवशी ऊन छान होतं. काका मधे बसले होते, सेइजुन त्यांच्या बाजूला, माझी मुलं-सुना, चुलत भाऊ, नातवंडं चटईवर लोळत. हात्सूनं आणि तोयोनं डुकराचं मांस, समुद्री शेवाळाच्या गाठी, तळलेलं टोफू, तांदळाचे गोळे असे डबे रचले. उदबत्त्या लावल्या. आमच्याकडे घरातली बाईच मेलेल्यांशी बोलते, वर्षभरात काय झालं ते त्यांना सांगते. आमच्यात हे काम तोयोचं.

काका म्हणाले, "पोरी, सगळं सांग त्याला. काही झाकू नकोस. आज सगळी घरची माणसं आहेत."

तोयोनं हात जोडले. "बाबा, सगळे आलेत बघा. दादाच्या सुनेला मुलगी झाली. काकांचा गुडघा बरा आहे. ह्यांनी समुद्र सोडला, आता घरीच असतात, तुम्ही काळजी करू नका." मग ती थांबली. मी सरळ बसलो. हात्सूनं चटईखालून माझा हात धरला. सेइजुन डब्याच्या झाकणाकडे बघत होता.

तोयोनं एकदा काकांकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. माझ्याकडे बघितलं नाही.

"आणि बाबा," ती म्हणाली, "दादाच्या हातून जे काही झालं ते पोटात घाला. तो मनानं वाईट नाही."

काका म्हणाले, "बरं केलंस, पोरी. मन मोकळं झालं." त्यांनी मान लववली, मग सगळ्यांनीच लववली. माझ्या मुलांनी सुद्धा. मला बोलता आलं असतं. पण उदबत्ती जळत असताना मधे बोलत नाहीत, आणि बोललो असतो तरी काय म्हणाले असते? चोर आता बहिणीवर ढकलतोय, तेही बापाच्या थडग्यासमोर.

उदबत्त्या विझल्यावर तोयोनं डबे उघडले. पहिली ताटली भरून माझ्यापुढे ठेवली, बापाचा थोरला मुलगा म्हणून. "दादा, जेव," म्हणाली. नातवंडं माझ्याकडे बघत होती. मी ताटली घेतली आणि जेवलो.